परक्यांची भांडणं

कोंडीराम घाडी आणि त्याची बायको सुंदराबाई पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात नैरोबीहून परत आली, तेव्हा करी रोडच्या भिकोबा चाळीतली माणसं त्यांना बघायला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत दाटीवाटीने उभी होती. दोघं अठरा वर्षांनी येत होती. ट्रंका वर चढवायला इतके हात पुढे आले की कुणाच्या हातात काय गेलं ते सुंदराबाईला कळेना. जन्मभर ओळखीची माणसं, पण तिचा जीव ट्रंकांत अडकला. "सांभाळून, सांभाळून," ती म्हणत राहिली, आणि मग तिचं तिलाच कसंतरी झालं.

जिन्याच्या तोंडाशी नाना मेस्त्री उभा होता. कोंडीरामचा बालमित्र. देवगडकडच्या एकाच वाडीतले दोघं, एकाच दिवशी मुंबईला आलेले, एकाच गिरणीत लागलेले. नाना साचेखात्यात, मागांवरच राहिला. कोंडीराम फिटर झाला आणि आफ्रिकेतल्या रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बायकोला घेऊन गेला. जाताना म्हातारी आई आणि खोली दोन्ही नानाच्या स्वाधीन केली. "दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे," म्हणाला होता. मग लढाई लागली, बोटी बंद झाल्या, आणि त्यातच म्हातारी गेली. तिच्या तोंडात शेवटचं पाणी नानाच्या बायकोने, शेवंतीने घातलं. अग्नी नानाने दिला. दहा दिवसांचं सुतक धरलं, डोकं भादरलं, पिंडाला कावळा शिवेना तेव्हा "कोंड्याला मी अंतर देणार नाही" असा शब्द देऊन शिववला. हे सगळं कोंडीरामला कळलं तेव्हा आई जाऊन चार महिने उलटले होते.

खोली नानाने जपली होती. शेवंती तीन पोरांना घेऊन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत दिवस काढत होती. कोंडीरामची ही दुसरी खोली त्यांना सोन्यासारखी. पण कोंडीराम येतो म्हटल्यावर नवराबायकोनं दोन दिवसांत आपलं सामान हलवलं, भिंतींना चुना दिला, मोरी घासून ठेवली.

"घे तुझी खोली," नाना हसत म्हणाला. "झुरळं तेवढी माझी आहेत, त्यांना राहू दे."

पहिले काही दिवस बरे गेले. कोंडीरामने नानाला उबदार कांबळं दिलं, शेवंतीला थर्मास दिला, पोरांना बिस्किटांचे डबे दिले. संध्याकाळी खोलीत माणूस मावेना. सिंह बघितलात काय, काळी माणसं काय खातात, गोरा साहेब मराठी बोलतो काय. कोंडीराम सांगायचा. पण सांगता सांगता त्याचे डोळे पुन्हा पुन्हा उघड्या दाराकडे जायचे, आणि सुंदराबाईला ते दिसायचं, कारण तिचेही जायचे.

चाळीत दारं दिवसभर उघडीच. कुणीही यावं, पाटावर बसावं, तव्यावरची भाकरी उलटावी, झोपलेल्याला उठवावं. शेजारची गंगुबाई खानावळ चालवायची. ती तर बोलत बोलतच आत शिरायची आणि सुंदराबाईच्या फळीवरचा मसाल्याचा डबा घेऊन बोलत बोलतच बाहेर पडायची. ह्याच गजबजीसाठी सुंदराबाई नैरोबीत पहिली काही वर्षं रडली होती. तिथल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दुपारी इतकी शांतता असायची की घड्याळाचा आवाज मोठा वाटे. शेजारी पंजाबी, पलीकडे गुजराती; हसणं-बोलणं कुंपणावरून. कुणाच्या घरात कुणी न विचारता जात नसे. त्या शांततेची सवय कधी झाली, ते तिलाही कळलं नव्हतं. आता गंगुबाई आत शिरली की तिच्या कपाळावरची शीर उडायची. माणसं निघून गेली की ती कप पुन्हा विसळायची. स्वतःची लाज वाटायची, पण विसळायची.

कोंडीरामला लाजही वाटत नव्हती. गणपतीआधीच त्याने दाराला आतून जाड लोखंडी आडणा बसवून घेतला. खिडकीला पडदा लावला.

"काय गो, दार लावून कित्याक बसतंस?" गंगुबाईनं पहिल्याच दिवशी बाहेरून हाक दिली. "घरात कोण मेलां काय?"

"ह्यांना जरा पडायचंय," सुंदराबाई आतून म्हणाली.

मग चाळीत नाव पडलं, 'आफ्रिकावाले'. त्यात वाईट काही नव्हतं, कौतुकही होतं थोडं. पण माणसं दारावर टकटक करू लागली, आणि टकटक करून यायचं म्हणजे काम असल्याशिवाय यायचं नाही, असं होत होत यायचीच कमी झाली. नाना मात्र यायचा. दार वाजवायचा आणि "मे आय कमिन सायब?" म्हणून स्वतःच हसायचा.

त्या दिवसांत गिरणगावात दुसरा विषय नव्हता. मुंबई महाराष्ट्राची की नाही? नाक्यानाक्यावर सभा, गिरण्यांच्या फाटकावर भाषणं, चाळीच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. नाना काही पुढारी नव्हता. कुठल्या पक्षाची पावती त्याच्याकडे नव्हती. पण सभेला जायचा, सतरंज्या उचलायचा, घसा बसेपर्यंत ओरडून यायचा. नोव्हेंबरात फोर्टात मोर्चावर गोळ्या चालल्या, तेव्हाही तो तिथे होता. त्या संध्याकाळी तो कोंडीरामच्या खोलीत येऊन बसला.

"कोंड्या, माझ्या बाजूचा माणूस खाली बसला रे. मला वाटलं ठेच लागली. उठवायला गेलो, तर उठेना."

कोंडीरामने त्याला चहा दिला. मग शांतपणे म्हणाला, "तू कशाला जातोस? ही मोठ्या लोकांची भांडणं आहेत. मुंबई कुणाचीही झाली तरी तुला साचेच चालवायचेत."

नाना चिडला नाही. "मोठ्या लोकांची?" म्हणाला. "अरे, त्या गोळ्या तर आमच्याकडे आल्या."

"परक्याच्या भांडणात पडू नये. मी तिथे अठरा वर्षं काढली ती ह्याच एका गोष्टीवर."

"तिथे तू परका होतास," नाना म्हणाला. "इथे परका कोण?"

कोंडीरामने रिकामा कप उचलून मोरीत ठेवला. नाना गेल्यावर त्याने आडणा घातला. सुंदराबाईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिला कर्युकी आठवला.

कर्युकी त्यांच्याकडे कामाला होता. गवत कापायचा, पाणी भरायचा, दुपारी मागच्या पायरीवर बसून तिच्या हातची भाकरी खायचा. 'मामा' म्हणायचा तिला. तिकडे बाईमाणसाला तसंच म्हणतात, पण तिला बरं वाटायचं. मूलबाळ नव्हतं तिला. तिथे गोऱ्यांविरुद्ध बंड उठलं होतं; चोपन्नच्या एप्रिलात गोऱ्या सोजिरांनी सगळं शहर वेढलं आणि बंडाच्या संशयावरून कर्युकीच्या जमातीची, किकुयू माणसं घराघरांतून काढून लॉऱ्यांत भरली. कर्युकी त्यांच्या फाटकाशी उभा होता. सोजिराने दरडावून विचारलं, तेव्हा त्याने घराकडे हात केला: इथे कामाला आहे, विचारा. कोंडीराम व्हरांड्यात यायचा, चार शब्द बोलायचा, की काम झालं असतं. कदाचित झालं असतं. कोंडीरामने पडदा ओढला. लॉरी गेली. पुढे कर्युकीचं काय झालं ते कधी कळलं नाही. शेजारच्या पंजाब्याने तेच केलं होतं आणि पलीकडच्या गुजरात्यानेही. रात्री जेवताना सुंदराबाईला रडू आलं, पण त्या रडण्याच्या तळाशी एक सुटका होती, आपल्या घरावरून गेलं एकदाचं अशी, आणि ती तिने त्याच वेळी ओळखली होती.

जानेवारीत दिल्लीहून रेडिओवर बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला नाही. ती केंद्राच्या ताब्यात राहणार. त्याच रात्री गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्रामचे रूळ दगडांनी झाकलेले. लालबाग, परळ, डिलाईल रोड, तिकडे गिरगावात ठाकूरद्वार, सगळीकडे पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या. डोळ्यांत झोंबणारा धूर पायऱ्या चढून गॅलरीत यायचा. आणि मधूनच तो आवाज. पहिल्यांदा ऐकताना तो फटाक्यासारखा वाटतो, दुसऱ्यांदा कुणाला तसा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोळीबार अगदी चाळीच्या नाक्यावर आला. समोरच्या चाळीच्या लाकडी कठड्यातून एक गोळी आरपार गेली आणि भिंतीवरचा चुना पडला. गंगुबाई धावत सगळ्या खोल्यांपुढून गेली. गॅलरी टोकाला वळून मागच्या आवाराकडे जात होती. तिकडच्या खोल्या रस्त्यावरून दिसत नसत. "सगळी मागे चला! पोरां घेवा आणि मागे चला!" म्हणत तिने एकेक बिऱ्हाड हलवलं. शेवंती पोरांना घेऊन गेली. गंगुबाईने कोंडीरामचं दार ठोठावलं.

"आम्ही इथेच ठीक आहोत," कोंडीराम आतून म्हणाला.

"रे बाबा, रस्त्यावरची खोली ही!"

"आम्ही ठीक आहोत."

ती गेली. कोंडीरामने आडण्यापुढे ट्रंक सरकवली आणि दोघं मोरीच्या कठड्याला टेकून खाली बसली. सुंदराबाईच्या मनात आलं, मागे गेलो असतो तर बरं झालं असतं; तिथे निदान सगळी आहेत. पण तिथल्या दाटीत, पोरांच्या रडण्यात, कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसायचं, हेही तिला नको वाटलं. म्हणून ती बोलली नाही.

नाना खाली होता. डोळ्यांत धूर गेलेल्या माणसांना पाणी द्यायला तो बादली आणि ओली फडकी घेऊन नाक्यावर गेला होता. हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना त्यांच्या दारावरूनच गेला होता तो.

आवाज झाले. पाठोपाठ तीन-चार. मग धावणारी पावलं, खिडक्या आपटल्याचे आवाज, आणि मग रस्त्यावर एकदम काहीच नाही. त्या शांततेत जिन्यावर कुणीतरी चढू लागलं. पाऊल जड होतं आणि मध्ये मध्ये थांबत होतं. एक पायरी. मग जरा वेळाने दुसरी.

कोंडीरामने ओठांवर बोट ठेवलं.

पावलं त्यांच्या दाराशी थांबली. जिन्याला लागून पहिली खोली त्यांचीच. दारावर हात पडला. ठोठावल्यासारखा नाही, टेकल्यासारखा.

"कोंड्या. अरे मी. नाना."

सुंदराबाईने आवाज पहिल्या शब्दालाच ओळखला. ती उठली नाही. हे तिला पुढे पक्कं आठवत राहिलं: आवाज ओळखल्यानंतर आणि कोंडीरामने मनगट धरण्याआधी मध्ये थोडा वेळ होता, आणि त्या वेळात ती उठली नाही.

"कोंड्या, दार उघड. पायाला लागलीय."

आता ती उठू लागली. कोंडीरामने मनगट धरलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो तिच्या कानाशी कुजबुजला, "पोलिस मागे असतील. त्याला आत घेतला तर आपल्यालाही नेतील. थांब. जातील ते."

"नाना आहेत ते," ती म्हणाली. तीही कुजबुजूनच.

"थांब."

दाराबाहेर काहीतरी घसरत खाली बसल्याचा आवाज आला. "वैनी," नाना म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, जणू आपल्याशीच बोलावं तसं, "नसतील घरात."

कोंडीराम तिचं मनगट घट्ट धरून होता असं तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. तो काही घट्ट धरून नव्हता. त्याचा हात घामाने निसरडा झाला होता. तिने नुसता हात ओढला असता तरी सुटला असता.

पोलिस वर आले नाहीत. नानाच्या मागे कुणीच नव्हतं.

रस्ता शांत झाल्यावर मागून गंगुबाई आली, आणि तिची किंकाळी सगळ्या चाळीत गेली. तेव्हा कोंडीरामने ट्रंक सरकवली, आडणा काढला. दाराला टेकलेला नाना उघडत्या दाराबरोबर आत कलंडला. मांडीतून गेलेली गोळी. उंबरठा, पायपुसणं, सगळं भिजलेलं. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. गंगुबाईने आडण्याकडे एकदा बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "तुमची खाट काढा. न्यायला होयी."

कोंडीरामने खाट काढली. चौघांनी उचलली त्यात एक तो होता. अनवाणी, कर्फ्यूत, परळच्या हॉस्पिटलापर्यंत तो पळत गेला. वाटेत पोलिसांनी अडवलं, तेव्हा तोच पुढे झाला, इंग्रजीत बोलला, हात जोडले, रडला. जे कुणी बघितलं त्याला वाटलं असेल, हा सख्खा भाऊ आहे. अंगातलं रक्त सगळं गेलेलं होतं. दिवेलागणीला नाना गेला.

चाळीत कोंडीरामला कुणी शिवी दिली नाही. त्याला वाटत होतं, कुणीतरी येईल, कॉलर धरील. ती तयारीही त्याने मनाशी केली होती: पोलिस येतायत असं वाटलं, बायकोमाणूस घरात होतं. पण विचारायला कुणी आलंच नाही. जिन्यात समोर आला की माणसं अंग चोरून वाट देत. पाण्याच्या नळावर सुंदराबाईची कळशी कुणी मागे सारली नाही, आणि पुढेही घेतली नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. ती आत येऊन पाटावर बसली. कोंडीराम खाटेवर होता, तो उठून उभा राहिला.

"शेवंती, मला…"

"भावोजी, मी तुमका काय विचारूक येवक नाय," ती म्हणाली. मग सुंदराबाईकडे वळली. "सुंदरा, हॉस्पिटलात ते एक शब्द बोलले नाय. तोंडात पाणी घातलां, तां पण बाहेर आयलां. शेवटचां जां काय बोलले, तां ह्या दारात बोलले. तुम्ही दोघांनीच ऐकलास. काय म्हणाले तां माका सांग."

"आम्ही आत मोरीकडे होतो," कोंडीराम घाईने म्हणाला. "बाहेर आवाज इतका होता, काही ऐकू…"

"मी तिका विचारतंय."

तिला वाटलं, खोटं सांगावं. पोरांना सांभाळ म्हणाले, असं सांगावं. तुझं नाव घेतलं, असं सांगावं. त्या बाईला जन्मभर पुरेल असं काहीतरी. पण शेवंती अशी टक लावून बघत होती की खोटं जिभेवर येईना.

"म्हणाले, कोंड्या, अरे मी, नाना." "मग म्हणाले, पायाला लागलीय. मग मला हाक मारली. वैनी म्हणून."

"आणि?"

"म्हणाले, नसतील घरात."

शेवंतीने मान हलवली. ओठांतल्या ओठांत ते शब्द तिने एकदा म्हणून बघितले, पाठ करावेत तसे. मग पदर सावरून उठली. दारात ती क्षणभर थांबली, आणि सुंदराबाईला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती उंबरठा बघत होती. तो घासून घासून पांढरा केलेला होता. ती ओलांडून निघून गेली. महिन्याभरात तिने खोली सोडली आणि पोरांना घेऊन देवगडच्या बोटीत बसली. निघताना प्रत्येक बिऱ्हाडाला सांगून गेली. ह्यांच्या दारावरून सरळ गेली.

कोंडीराम रात्रीचा झोपेनासा झाला. शिमग्याच्या सुमाराला एकदा जेवता जेवता म्हणाला, "मी तिकडच्या कारखान्यातल्या ओळखीनं विचारलंय. एका गुजरात्याचं गॅरेज आहे, त्याला फिटर हवाय. परत जाऊ."

"नैरोबीला?"

"इथे राहून काय करायचं?"

"तिथे तरी आपलं काय आहे?"

"तिथे कुणी आपलं नाही," कोंडीराम म्हणाला. "म्हणूनच बरं असतं."

सुंदराबाईने हातातला घास ताटात ठेवला. इतकी वर्षं ज्या माणसाशेजारी निजली, त्याने आयुष्यभराची कमाई सांगावी तसं ते वाक्य सांगितलं होतं, आणि त्यातलं काहीच तिला नवं नव्हतं. तिलाही तिथली थंड हवा आठवत होती, जकरंडाची जांभळी झाडं, दुपारची ती नितळ शांतता. जावंसं वाटत होतं. इतकं वाटत होतं की तिला आपली भीती वाटली.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

त्याला आधी ते रागातलं बोलणं वाटलं. मग विनवण्या झाल्या, आदळआपट झाली. "इथे तुला कोण विचारतंय?" तो म्हणाला. "कुणी पाणी तरी देईल का तुला?"

"नाही देणार."

"मग?"

चांगुलपणासाठी राहते असं म्हणावं, तर ती स्वतःला ओळखून होती. नानाचं काही फेडता येईल असंही नव्हतं. शेवंती तर गेलीच होती. एवढंच होतं, की तिथे गेलं की महिन्याभरात हे सगळं लांबच्या कुणाचं तरी वाटू लागेल, जसा कर्युकी वाटू लागला होता. आणि तसं वाटलं की बरं वाटेल. ते बरं वाटणं तिला नको होतं.

मे महिन्यात कोंडीराम एकटा बोटीवर चढला. ती धक्क्यावर गेली होती. कठड्याशी उभा राहून तो हात हलवत होता. वय झालेला, खांद्यात वाकलेला माणूस, सगळ्या गर्दीपासून जरा बाजूला. पुढे दोनदा त्याने बोलावलं. मग बोलावणं थांबलं.

सुंदराबाई गंगुबाईच्या खानावळीत लागली. पहाटे पीठ मळायचं, दुपारी भांडी. गंगुबाई कामापुरतं बोलायची. वर्षभराने एकदा, सुंदराबाई तापाने फणफणली, तेव्हा तिने पेज आणून उशाशी ठेवली आणि गेली. त्याचा अर्थ सुंदराबाईने काढला नाही. पेज प्याली.

साठ साली महाराष्ट्र झाला, मुंबईसह. मेच्या पहिल्या तारखेला भिकोबा चाळीवर दिव्यांच्या माळा चढल्या, अंगणात ढोलताशे वाजले, गुलाल उडाला. नाक्यावर गेलेल्यांच्या नावांचा फलक लावून त्याला हार घातला होता. नाना मेस्त्रीचं नाव त्यात होतं. सुंदराबाई गॅलरीत परात घेऊन बसली होती. सगळ्या चाळीसाठी पुऱ्या लाटायच्या होत्या. गंगुबाई पलीकडे शेगडीवर तळत होती. शेजारी ललिता लाटत होती, मधल्या खोलीत नुकतीच लग्न होऊन आलेली, साताऱ्याकडची. तिला सगळ्याचं नवल होतं.

"सुंदराकाकू," ती खालच्या दिव्यांकडे बघत म्हणाली, "त्या गोळीबारात आपल्या चाळीतला माणूस गेला ना? तेव्हा तुम्ही इथंच होता, की आफ्रिकेत?"

गंगुबाईचा झारा कढईत थांबला.

"इथंच होते," सुंदराबाई म्हणाली. "घरातच होते."

ललिता पुढचं ऐकायला थांबली. सुंदराबाईने पुढची लाटी पोळपाटावर घेतली, आणि गंगुबाईने पुऱ्या तेलात सोडल्या.